तंबूला घाम का फुटतो?



आम्ही अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या पाण्याकडेच्या एका वाडीतल्या बचत गटाच्या बाया. बारा जणी आहोत. भात आणि नागली काढून झाली की हिवाळ्यात आमच्या खाचरांत तंबू लागतात. मुंबई-पुण्याची माणसं येतात, रात्र काढतात, सकाळी पोहे-चहा घेऊन रतनगडाला नाहीतर कळसूबाईला जातात. पुन्हा मे संपता संपता काजवे बघायला गर्दी होते. तंबू आमचे, जेवण आमचं, जागा आमची. आज बोलायचं ठरलंय ते तंबूच्या आतल्या पाण्याविषयी. हसू नका. या पाण्यानं आमचा धंदा बुडत आला होता, आणि पुढे एका रात्री त्याहून मोठं काही बुडायची वेळ आली होती.

पहिल्या हिवाळ्याची गोष्ट. आम्ही चौदा तंबू घेतले. दुहेरी कापडाचे. आतली खोली पातळ, वरच्या भागाला जाळी. तिच्यावर बाहेरून दुसरं कापड, त्याला ही मंडळी फ्लाय म्हणतात. फ्लायला डोक्याशी दोन लहान झरोके, वर छोटी टोपी असलेले. डिसेंबरात थंडी पडली तशी पाहुण्यांची कुरकुर सुरू झाली, वारा शिरतोय म्हणून. आम्ही काय करावं? झरोक्यांवर मेणकापड बांधलं, फ्लायची खालची कड जमिनीला टेकवून तिच्यावर माती लोटली. उंदराला जागा राहिली नाही इतकं गच्च केलं. आम्हाला वाटलं, छान झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कुटुंब पांघरुणं हातात घेऊन आमच्या ओट्यावर उभं. वरून पाणी ठिबकलं, मूल भिजलं, तुमचे तंबू गळके आहेत, पैसे परत द्या. रात्री आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. तरी आम्ही पैसे परत दिले. त्याच आठवड्यात आणखी दोघांनी तेच सांगितलं आणि एकानं मोबाईलवर आमच्या नावानं वाईट लिहिलं. ज्या दुकानातून तंबू आणले तिथे विचारलं, तर शिवणीला लावायची चिकट पट्टी दाखवली. ती घेतली. आमच्यातल्या चौघी दोन दिवस उन्हात बसून शिवणी चिकटवत होत्या. काही फरक पडला नाही.

मग आक्कानं, आमच्यात ती वयानं मोठी, भर दुपारी एका रिकाम्या तंबूवर चार बादल्या पाणी ओतलं आणि आत जाऊन बसली. बाहेर येऊन म्हणाली, "आत टिपूस नाही. बाहेरचं पाणी आत येत नाही गं. मग रात्री येतं कुठून?"

याचं उत्तर आम्हाला एका मुलीनं दिलं. ती आणि तिची मैत्रीण रतनगडाच्या वाटेवर होत्या आणि आमच्याकडे फक्त जागा मागायला आल्या होत्या. तंबू त्यांचा स्वतःचा, पाठीवरच्या पिशवीतला. वजन किलोभराहून थोडं जास्त. कापड इतकं पातळ की आम्हाला ओढणीच वाटली. चालताना टेकायच्या काठीवरच उभा केला, वेगळे दांडे नाहीत. आणि एकेरी कापडाचा, आत दुसरी खोली नाही. सकाळी बघतो तर तो तंबू आतून आमच्या तंबूंपेक्षाही ओला! आम्ही मनात म्हटलं, आता ही रडणार. तर ती आरामात रुमालानं आतून पुसत होती, पिळत होती, पुन्हा पुसत होती. म्हणाली, "काकू, हे आमचंच पाणी आहे. रात्रभर श्वास सोडला ना."

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याला नवीन नाही, आपण ती रोज बघतो. गरम भाकरी डब्यात घालून वर घट्ट झाकण लावलं तर घटकाभरानं काय होतं? झाकणाला आतून थेंब येतात, भाकरी भिजते. म्हणून आपण भाकरी टोपलीत फडक्यात ठेवतो किंवा झाकण तिरकं ठेवतो. डबा गळका आहे असं कोणी म्हणत नाही. तंबू म्हणजे तो डबा, आणि भाकरीच्या जागी आपण.

माणूस झोपलेला असला तरी त्याच्या श्वासातून आणि कातडीतून वाफ जातच असते. एका माणसाची रात्रभरात पाव लिटरच्या आसपास. तीन माणसं एका तंबूत झोपली की पाऊण लिटर पाणी हवेत. वरून ओले बूट आत ठेवले, दोरीवर ओला टॉवेल टाकला, तर त्याचंही पाणी त्यातच. आता हवेचं असं असतं की ती गरम असली तर जास्त वाफ पोटात ठेवते, गार झाली की तिला ती पेलत नाही. हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तेवढी हवा 30 अंशाला साधारण 30 ग्रॅम वाफ धरते. तीच हवा 10 अंशापर्यंत गार झाली तर जेमतेम 9 ग्रॅम. बाकीची वाफ जाणार कुठे? जी वस्तू सगळ्यात गार असेल तिच्यावर पाणी होऊन बसते. तंबूत सगळ्यात गार असतं ते बाहेरचं कापड.

आणि ते कापड नुसतं हवेइतकं गार नसतं, हवेहून गार होतं. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली ऊब आभाळाकडे सोडत असते. म्हणून तर सकाळी दहिवर गवतावर, पत्र्यावर, गाडीच्या टपावर असतं, आणि आंब्याखालच्या गवतावर कमी असतं. ढगाळ रात्रीही कमी पडतं, कारण ढग काही ऊब खाली परत धाडतात. पाहुण्यांना तारे बघायचे असतात म्हणून आम्ही तंबू मुद्दाम मोकळ्या खाचरात, पाण्याला लागून लावत होतो. दहिवराला आवतण दिल्यासारखंच झालं ते.

आम्हाला नुसतं ऐकून पटत नाही, करून बघावं लागतं. एके रात्री गिऱ्हाईक नव्हतं. एका ओळीत तीन तंबू लावले. एकात आमच्यातल्या तिघी झोपल्या, सगळं गच्च बंद करून. दुसऱ्यात तिघी, पण झरोके उघडे, फ्लायची कड वर घेतलेली. तिसरा बंद आणि रिकामा. सकाळी प्रत्येक तंबूची आतली बाजू एकेका कोरड्या फडक्यानं पुसली आणि फडकं ग्लासात पिळलं. बंद तंबूचं पाणी चहाचा मोठा ग्लास भरून वर थोडं उरलं. उघड्याचं चार-पाच चमचे. रिकाम्याचं फडकं नुसतं दमट झालं, पिळून काही निघालं नाही. ते तीन ग्लास ओट्यावर मांडले होते. जी ती येऊन बघून जात होती. शिवणी चिकटवण्यात दोन दिवस घालवलेल्या चौघी तर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

तेव्हा आम्हाला तंबूची रचना उमगली. आपल्या जुन्या घरांना कारवीचा कूड असतो, वर आढ्याशी फट असते, धूर तिथून निघतो, आणि वळचणीखालून वारा आत येतो. तंबूचंही तेच. फ्लायची खालची कड म्हणजे वळचण, तिथून गार कोरडी हवा आत यायला हवी. वरचा झरोका म्हणजे आढ्याची फट, तिथून गरम ओली हवा बाहेर जायला हवी. दोन्ही उघडं असेल तरच वारा खेळतो. एकच उघडून उपयोग थोडा. आणि दुहेरी कापड कशासाठी, तर वाफ जाळीतून पार होऊन बाहेरच्या कापडावर बसावी आणि थेंब फ्लायच्या आतून घरंगळत जमिनीवर जावेत, माणसावर पडू नयेत. पण दोरी सैल पडली, फ्लाय लोंबून आतल्या खोलीला चिकटला, की ते पाणी सरळ अंथरुणात. नायलॉनचं कापड ओलं झालं की आणखी सैल पडतं, हे ध्यानात ठेवा. संध्याकाळी ताणलेल्या दोऱ्या झोपायच्या आधी पुन्हा एकदा ताणाव्या लागतात. किलोभराचे एकेरी तंबू वजन वाचवतात, पण त्यांत पाणी आणि माणूस यांच्यामध्ये काहीच नसतं. त्या मुलीला ते ठाऊक होतं, म्हणून तिच्या पिशवीत पुसायचा रुमाल होता. आमच्याकडे तंबू महाग नव्हते, दुहेरी होते, चांगले होते. आम्हीच त्यांचं नाक दाबलं होतं.

मेणकापडं काढली, माती सरकवली, कड जमिनीपासून चार बोटं वर घेतली. तंबू पाण्यापासून लांब, जरा उंचवट्यावर नेले. गार हवा जड असते, ती खोलगट जागी साचते आणि दहिवरही तिथेच जास्त. झाडांची कड मिळाली तर उत्तम, मात्र वाळकी फांदी डोक्यावर नको. दार वाऱ्याच्या दिशेला. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळाहून मोठं असेल तर कडा आत दुमडून घ्यायच्या. गळायचं थांबलं. पाहुणे खूश झाले असतील असं तुम्हाला वाटेल. पण त्यांची जुनीच तक्रार परत सुरू झाली. थंडी वाजते.

आता जे सांगतो ते सांगताना अजूनही आमच्या अंगावर काटा येतो.

आम्ही पाहुण्यांना रात्री शेकायला कोळशाची शेगडी देत होतो. बाहेर बसायचं, शेकायचं, गाणी म्हणायची. जानेवारीतल्या एका रात्री आई, बाप आणि सहा-सात वर्षांची मुलगी असं कुटुंब होतं. शेगडीतले निखारे विझत आले होते, धूर अजिबात नव्हता. त्यांनी ती उचलून आत नेली, पायाशी ठेवली, आणि ऊब टिकावी म्हणून झरोक्यांत टॉवेल कोंबले, चेन लावली. आमच्यातली एक जण अकरा-साडेअकराला बाहेर उठली होती. तिला तंबूच्या आत तांबूस उजेड दिसला. आधी तिला वाटलं बॅटरी असेल. मग जागेवर शेगडी नाही हे लक्षात आलं. तिनं हाका मारल्या. उत्तर नाही. चेन ओढून उघडली तेव्हा बाप उठून बसायचा प्रयत्न करत होता, त्याला बसता येत नव्हतं. आईनं उलटी केली होती. पोर जागं होईना.

तिघांना ओढून मोकळ्या हवेत आणलं, 108 ला फोन केला. पोरीनं डोळे उघडले तेव्हा गाडी अजून वाटेत होती. दवाखान्यात प्राणवायू लावला, दुसऱ्या दिवशी दुपारी तिघंही बरी होऊन घरी गेली. त्या बाईनं जाताना आमचे हात धरले. आम्ही मान वर करू शकलो नाही. शेगडी आमची होती, आणि ती आत नेऊ नका हे आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हाला तरी कुठे माहीत होतं?

डॉक्टरांनी समजावलं ते असं. कोळसा पुरता जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे झोंबत नाहीत. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं आपण समजतो ते चूक. उलट लाल निखाऱ्यातून तो भरपूर निघतो. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो. प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग झोप येते. झोपलेल्या माणसाला तर यातलं काहीच कळत नाही. लहान मुलांना आणि पोटुशी बाईच्या पोटातल्या बाळाला तो लवकर बाधतो.

आणि इथे आम्हाला आमचीच घरं आठवली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, ओवा-शेपाची धुरी द्यायची, वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद, फटींत चिंध्या. आमच्यातल्या कितीजणी तशा खोलीत सव्वा महिना झोपल्यात! डोकं जड झालं की म्हणायचे, बाळंतपणाचा शीण आहे. शीण असेलही. पण आता आमच्या वाडीत निजलेल्या बाळंतिणीच्या खोलीत निखारे ठेवत नाहीत. शेकायचं तर दार उघडं ठेवून, जागेपणी, शेक झाला की शेगडी अंगणात. यावर आक्काशी आमचे पुष्कळ वाद झाले. आक्का म्हणायची, आम्ही नाही का जगलो? तिच्या सुनेच्या वेळी मात्र शेगडी बाहेर ठेवायला तिनंच सांगितलं.

एक नीट ऐका. झरोके उघडे आहेत म्हणून तंबूत शेगडी चालेल, असा अर्थ कोणी काढू नका. वाफेला पुरतो तो वारा या वायूला पुरेल याची खात्री नाही. तंबूत निखारे नाहीत, गॅसची छोटी चूल नाही, कंदील नाही. स्वयंपाकसुद्धा बाहेर. आत कापड पेटायचं भय वेगळंच.

मग थंडीचं काय? ऊब पांघरुणात शोधायची, हवा कोंडून नाही, हे आम्ही ठरवलं. गटाच्या पैशातून घोंगड्या घेतल्या आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. एक गोधडी वर आणि एक खाली. खालची जास्त महत्त्वाची, कारण जमीन अंगातली ऊब ओढून घेते आणि हे पाहुण्यांना माहीत नसतं. डोक्याला टोपी. झोपताना गरम पाण्याची बाटली, बूच घट्ट लावून, फडक्यात गुंडाळून पायाशी. तोंड पांघरुणात घेऊन झोपू नका असंही सांगतो, नाहीतर श्वासानं गोधडीच ओली होते. थंडीची तक्रार अजून येते, पण क्वचित.

दुसरी अडचण भीतीची. पाहुणे म्हणतात, दार उघडं ठेवलं तर साप येईल, विंचू येईल. बरोबर आहे. म्हणून आतल्या जाळीची चेन पूर्ण लावायची, खालपर्यंत, आणि उघडं ठेवायचं ते बाहेरच्या कापडाचं दार, वरून अर्धं. जाळीतून वारा जातो, विंचू जात नाही. बिबट्याचं विचारतात, त्यांना आम्ही सांगतो की बिबट्याला अडवायला चेन नसते, उजेड आणि माणसांचा वावर असतो. उरलेलं जेवण तंबूत ठेवू नका, म्हणजे कुत्री येणार नाहीत आणि कुत्र्यांमागून बाकी कोणी येणार नाही.

काजव्यांच्या दिवसांत मात्र हे सगळं थोडं लंगडं पडतं. वळवाच्या सरी, धुकं, बाहेरचीच हवा वाफेनं भरलेली. तेव्हा झरोके उघडे ठेवले तरी तंबू पुरता कोरडा राहत नाही. पाहुण्यांना आधीच सांगतो आणि प्रत्येक तंबूत एक सुती फडकं ठेवतो. सांगितलेलं असलं की माणूस भांडत नाही. ओले कपडे आणि बूट फ्लायखालच्या पडवीत, खोलीत नाही. अंथरूण कापडाच्या भिंतीला चिकटवायचं नाही, वीतभर आत घ्यायचं.

ज्या गटांना हा धंदा करायचाय त्यांनी तंबू वाळवण्यात आळस करू नये. आम्ही एकदा सकाळी घाईत ओलेच गुंडाळून पेटीत टाकले आणि लग्नसराईत अडकलो. पंधरा दिवसांनी उघडले तर काळे ठिपके आणि कुबट वास. ते ठिपके आजही आहेत. त्यावर शहाणपणा करून आम्ही धुण्याची पावडर आणि ब्रश घेतला. आतला पाणी अडवणारा लेप पापुद्र्यासारखा निघाला, दोन तंबू खरोखरच गळके झाले. आता साध्या पाण्यानं, ओल्या फडक्यानं पुसतो. सकाळी उलटे करून टाकतो, कोरडे झाले की लगेच सावलीत, कारण कडक उन्हानं कापडाचा धागा कुजतो. सुकलेला तंबू घट्ट पिशवीत न कोंबता सुती गोणपाटात सैल ठेवतो, उतरंडीजवळच्या कोरड्या जागेत.

आणि रोज रात्री दहा वाजता दोघी जणी बॅटरी घेऊन फेरी मारतात. पाळी लावलेली आहे. फ्लायच्या कडेखाली हात घालून बघायचं, मूठ सहज जायला हवी. झरोक्यात टॉवेल कोंबलाय का बघायचं. दोऱ्या ओढायच्या. शेगड्या मोजायच्या, सगळ्या बाहेर आहेत ना, आणि पाणी टाकून विझवायच्या. पाहुणे कधी कधी चिडतात, झोपू द्या म्हणतात. चिडू देत. शेगड्या आमच्याकडे सहा आहेत. सहा मोजल्याशिवाय त्या दोघी परत येत नाहीत.

आमच्या वेळेची घंटा झाली असं ताई खुणेनं सांगतायत. घरी जाऊन आज धुतलेल्या गोधड्या पण काढायच्यात, दहिवर पडायच्या आत. निघतो. नमस्कार.